दादोबांच्या आठ जाती

तर्खडकर हे नाव काढलं, की घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवते ती 'भाषांतर पाठमाला'. मराठीचं बोट धरून इंग्रजी शिकवणारं ते पुस्तक घोकून किती माणसं पोस्टात, रेल्वेत आणि कचेरीत चिकटली, त्याची गणती नाही. पण ती पाठमाला लिहिणारे तर्खडकर वेगळे, नंतरचे. आज मला सांगायचं आहे ते दादोबा पांडुरंग तर्खडकरांविषयी. 'मराठी भाषेचे पाणिनी' अशी पदवी त्यांच्या नावामागे लावून आपण मोकळे झालो, त्यांचं व्याकरण उघडून पाहायचं मात्र राहून गेलं.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ चा, मुंबईतला. घराणं मूळचं वसईजवळच्या तर्खडचं. वडील पांडुरंग, आई यशोदाबाई. पेशवाई बुडाली तेव्हा हा मुलगा चार वर्षांचा होता. १८१९ साली एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर झाले, १८२२ मध्ये देशी लोकांच्या शिक्षणासाठी मुंबईत संस्था निघाली, तिच्या शाळा सुरू झाल्या, आणि पंतोजींच्या ओसरीवर धूळपाटी गिरवणारी पिढी बघता बघता इंग्रजी पुस्तकांपुढे येऊन बसली. दादोबा या पिढीतले. बाळशास्त्री जांभेकर त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठे.

पंतोजींच्या शाळेत अक्षर, मोडी, पाढे, हिशेब एवढं शिकवत. मराठीचं व्याकरण हा विषयच नव्हता, कारण मराठीला व्याकरण असतं हेच कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. व्याकरण असायचं ते संस्कृतला. विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपुराहून मराठीचं एक व्याकरण छापलं होतं, पण ते इंग्रजीत आणि मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबांसाठी. म्हणजे आपण जी भाषा घरात बोलतो ती नियमांनी चालते, ही बातमी साहेबाला होती आणि घरच्यांना नव्हती.

इंग्रजी शिकताना दादोबांच्या हाती आलं लिंडले मरे या गृहस्थाचं इंग्रजी व्याकरण. हा मरे मोठा गमतीचा माणूस. मूळचा अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनियाचा, तरुणपणी वकील, पुढे इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला. तिथल्या मुलींच्या एका शाळेच्या गरजेसाठी त्याने १७९५ साली व्याकरण लिहिलं आणि ते दोन्ही खंडांत घरोघर गेलं. पण मरेने तरी इंग्रजीचा साचा कुठून आणला? लॅटिनमधून. आणि लॅटिनवाल्यांनी आणला ग्रीकांकडून. असा हा साचा हातोहात फिरत मुंबईला एका विशीतल्या मराठी मुलापर्यंत आला. त्याने एका हाताने मरेचा साचा धरला, दुसऱ्या हाताने संस्कृतातल्या विभक्ती आणि प्रयोग घेतले, आणि १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापून काढलं. त्या सुमाराला आणखीही काही पंडित याच खटपटीत होते. पण शाळांतून टिकलं आणि पिढ्यानपिढ्या चाललं ते दादोबांचं.

मरेने इंग्रजी शब्दांचे नऊ वर्ग केले होते. मराठी शाळेत आपण पाठ केल्या त्या शब्दांच्या जाती आठ: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्ययं. नववी कुठे गेली? मरेच्या यादीत ती पहिल्या नंबरावर होती. 'अ', 'ॲन' आणि 'द'. ही जात मराठीत नाहीच, म्हणून ती गळाली. या गळालेल्या नवव्या जातीपाशी पुढे आपल्या लाखो मुलांनी ठेच खाल्ली. आणि ती ठेच मी जवळून पाहिली ती सेनगावला.

दादोबांकडे मी व्याकरणाच्या प्रेमाने वळलो नाही, हे सांगून टाकतो. बँकेच्या नोकरीत तीन वर्षं मी सेनगावच्या शाखेत होतो, ती १९८८ ते १९९१ ची. तेव्हा तो भाग परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. कयाधूच्या खोऱ्यातलं हे गाव, नामदेवांची नरसी जवळच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, शाळा उर्दूतून. पैसे काढायला येणारे काही म्हातारे सही उर्दूत करत, त्यांचे नातू मराठीत करत, आणि त्या नातवांना नोकरीसाठी लागे इंग्रजी. बँकेचा साहेब म्हणजे इंग्रजी येणारच, या समजुतीने तरुण पोरं संध्याकाळी अर्ज तपासून घ्यायला येत. मी तपासून देई आणि त्यातली वाक्यं एका वहीत उतरून ठेवी. कादंबरीला उपयोगी पडतील असा माझा स्वार्थी हिशेब होता.

वही भरत आली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पोरं वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या शाळांची, पण चुका त्याच. ढिलाईने चुकणारा माणूस प्रत्येक वेळी निराळं चुकतो. रोकड मोजताना आज दहा कमी, उद्या वीस जास्त. रोज नेमके तेवढेच रुपये कमी येऊ लागले, तर शहाणा अधिकारी कॅशियरला दोष न देता कीर्द उघडून बघतो. या पोरांच्या चुका तशा रोज नेमक्या तेवढ्याच होत्या.

नमुना पाहा. 'ही टोल्ड टू मी.' 'आय आस्क्ड टू हिम.' 'आय कॉल्ड टू माय ब्रदर.' इंग्रजीच्या मास्तरांनी तांबड्या शाईने 'टू' वर किती वेळा काट मारली असेल! पण पोरगा काय करतो आहे? 'त्याने मला सांगितलं', 'मी त्याला विचारलं', 'मी भावाला हाक मारली'. तिन्हीकडे 'ला' आहे. शाळेत पाठ केलेला तक्ता आठवा: द्वितीया स, ला, ते, चतुर्थी स, ला, ते. दोन्ही विभक्तींचे प्रत्यय एकच. 'ला' म्हणजे 'टू', हे त्याने 'मी रामाला पुस्तक दिलं' या वाक्यावरून बरोबर शिकून घेतलं आणि इमानाने सगळीकडे चालवलं. इंग्रजीत कुठे 'टू' लागतो आणि कुठे कर्म उघडंच राहतं, हा भेद त्याच्या भाषेने त्याला कधी करायला लावलाच नव्हता.

असंच 'शी'चं. 'तिच्याशी लग्न केलं', म्हणून 'मॅरीड विथ हर'. 'माझ्यावर रागावला', म्हणून 'अँग्री ऑन मी'. आपल्या बोलण्यातला 'च' दिसायला केवढासा, पण त्याच्यावाचून मराठी माणसाचं पान हलत नाही. तो 'ओन्ली' होऊन येतो: 'ही केम टुडे ओन्ली.' 'तो म्हणाला, की मी येतो' यात मराठी माणूस दुसऱ्याचं बोलणं आहे तसं उचलून ठेवतो, काळही बदलत नाही आणि 'मी'चा 'तो'ही करत नाही. तेच इंग्रजीत केलं, की येणार कोण, सांगणारा की ऐकणारा, असा घोळ होतो. वडिलांना आपण आदराने अनेकवचनात बोलावतो, म्हणून अर्जात 'माय फादर हॅव एक्स्पायर्ड'. या वाक्यावर हसायचं धाडस मला झालं नाही. त्यात चूक होती ती बापाला एकवचनात न बोलण्याची.

आता सेनगावचं म्हणून एक वेगळं. त्या भागात 'मी जातो आहे' असं कुणी बोलत नाही. 'मी जायलो', 'काय करायलास', 'पाऊस पडायलाय' असं बोलतात. 'मी इथं तीन सालापासून राहायलो' हे वाक्य रोजचं. ते इंग्रजीत गेलं, की होतं 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स'. मराठीचा 'पासून' सोमवारलाही लागतो आणि तीन वर्षांनाही. इंग्रजीत त्यांची दोन घरं आहेत, 'सिन्स' आणि 'फॉर'. आणि चालू क्रियेचं 'राहायलो' बोलीत इतकं खणखणीत आहे, की पोराला 'लिव्हिंग'च सुचणार. पुण्याच्या पोराचीही इथे चूक होते, सेनगावच्या पोराची तर व्हायलाच हवी. बँकेत येणाऱ्या पत्रांत आणखी एक हटकून असे: 'आय हॅव डिपॉझिटेड द अमाउंट येस्टरडे.' आपण 'काल पैसे भरले आहेत' असं बेलाशक म्हणतो. इंग्रजीला 'काल' आणि 'आहेत' एका वाक्यात चालत नाहीत.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र प्रयोगांचा. 'मुलीने आंबा खाल्ला, मुलीने चिंच खाल्ली, मुलीने बोरं खाल्ली.' खाणारी तीच, क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूच्या मागे धावतं. आपल्या व्याकरणात हा कर्मणि प्रयोग. मग इंग्रजीच्या तासाला केव्हातरी सांगितलं जातं, की कर्मणि म्हणजे 'पॅसिव्ह'. झालं! साध्या भूतकाळातलं साधं वाक्य पोरगा उलटं करून लिहितो, 'मँगो वॉज ईटन बाय गर्ल'. इंग्रजीतला 'पॅसिव्ह' ही बोलणाऱ्याची मर्जी असते. मराठीतला हा कर्मणि मर्जीचा नाही, भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की तो येतोच. सेनगावकडचे जुने लोक 'म्या आंबा खाल्ला' म्हणतात, त्या 'म्या'त तृतीया अजून जिवंत आहे. शहरी 'मी'ने ती झाकून टाकली आहे. एका भाषेच्या व्याकरणातला शब्द दुसरीच्या व्याकरणावर चिकटवला की असं होतं. दादोबांनी मरेचा साचा घेतला त्याचंही काही ठिकाणी असंच झालं, आणि पुढच्या वैयाकरणांनी त्यांना त्याबद्दल सोडलं नाही. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात आधीच्यांची झाडाझडती आहे. असायलाच हवी. पण झडती घ्यायला आधी घर उभं असावं लागतं.

सगळ्याच चुका मातृभाषेच्या माथी मारता येत नाहीत, हेही खरं. 'ही गो' म्हणून 'गोज'मधला 'ज' गाळणारा मुलगा मराठीचं ऐकत नसतो. मराठीत तर 'मी जातो, तू जातोस, ते जातात' असा पुरुषागणिक फरक आहेच. इंग्रजीने स्वतःच सगळीकडचे प्रत्यय झाडून टाकले आणि एकाच ठिकाणी एक शिल्लक ठेवला, तो विसरला जातो. इंग्लंडातली मुलंसुद्धा लहानपणी 'गो'चा भूतकाळ 'गोड' करतात म्हणे! परदेशात या सगळ्याचं शास्त्र फार उशिरा झालं. अमेरिकेत रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली दोन भाषा शेजारी ठेवून शिकणारा कुठे अडेल ते आधीच सांगता येईल, असं मांडलं. दहा वर्षांनी पिट कॉर्डर यांनी चूक ही शिकणाऱ्याच्या डोक्यातल्या नियमाची खूण मानावी असा आग्रह धरला. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी मातृभाषा आणि परभाषा यांच्यामधल्या या तिसऱ्याच भाषेला वेगळं नाव दिलं. तेव्हा सेनगावचं इंग्रजी ही अशी एक मधली भाषा, आणि तिला तिचं व्याकरण आहे.

नरसीच्या नामदेवांनी उत्तरेत जाऊन पदं रचली, त्यांतली ६१ शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. त्या पदांच्या हिंदवीत भूतकाळाचा आपला मराठी 'ल' जागोजाग डोकावतो. पंजाबातल्या भाविकांनी तो सातशे वर्षांत कधी तांबड्या शाईने खोडला नाही. माझ्यापुढे अर्ज घेऊन बसलेल्या पोरांना मी हे सांगत असे. त्यातला एक कृषी पदवीधर होता. इंग्रजीचा विषय निघाला की तो अंग चोरून बसायचा. मुलाखतीच्या भीतीने त्याने दोन पत्रं फाडून टाकली होती. 'ला' आणि 'टू' ची भानगड कागदावर मांडून दाखवली, तेव्हा तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि मग स्वतःच 'शी', 'वर', 'पासून' अशी यादी करू लागला. आठवडाभराने तो माझ्या वहीत नसलेले सात नमुने घेऊन आला. नोकरी त्याला पुढे लागली, ती या यादीमुळे असं मी म्हणणार नाही. पण तिसरं पत्र त्याने फाडलं नाही.

ती यादी करायला त्याला मराठीचं व्याकरण ठाऊक असावं लागलं, आणि ते आपल्या शाळेत आणून ठेवलं दादोबांनी. म्हणून मी त्यांच्याकडे वळलो.

पुढचं त्यांचं आयुष्यही बहुतेक शिकवण्यातच गेलं. माळव्यात जावऱ्याच्या नवाबाचे खाजगी शिक्षक, मग मुंबईला एल्फिन्स्टनच्या संस्थेत सहायक शिक्षक, मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत. म्हणजे हिंदुस्थानी बोलणारा राजपुत्र, मराठी मुलं आणि गुजराती मुलं, अशा तीन मातृभाषांचे विद्यार्थी त्यांनी पाहिले. मुलगा इंग्रजीत कुठे अडतो, हे अशा शिक्षकाला पुस्तकावाचून कळलं असणार असं मला वाटतं. १८४६ च्या सुमाराला मुंबईत शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचे ते प्रमुख झाले. १८५० मध्ये व्याकरणाची दुसरी आवृत्ती काढली ती पुष्कळशी नव्याने लिहून, आणि १८६५ मध्ये शाळकरी मुलांसाठी 'लघु व्याकरण' काढलं.

आठ जातींचा आणखी एक अर्थ त्यांच्या आयुष्यात आहे. शब्दांच्या जाती लावून देणाऱ्या या माणसाला माणसांच्या जाती मान्य नव्हत्या. सुरतेला २२ जून १८४४ रोजी त्यांनी दुर्गाराम मेहताजी आदी गुजराती मित्रांबरोबर मानवधर्म सभा काढली. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली, तिच्यामागेही दादोबा होते. ही सभा गुप्त. आत येणाऱ्याने जातीबाहेरच्या हातचं खाऊन दाखवायचं. १८६० च्या सुमाराला सभासदांची नावं फुटली आणि भल्याभल्यांची पाचावर धारण बसली, सभा मोडली. तिच्या राखेतून १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला, त्यात पुढाकार दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांचा. दुसरे भाऊ भास्कर पांडुरंग यांनी १८४१ सालीच मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रं लिहून कंपनी सरकारच्या लुटीचे वाभाडे काढले होते. साहेबाचं व्याकरण शिकून ते साहेबावरच चालवणारं हे घर. आणि याच घरातले दादोबा १८५२ मध्ये नगरकडे डेप्युटी कलेक्टर झाले, भिल्लांचा उठाव मोडायला सरकारला मदत केली आणि रावबहादूर झाले. हा भाग मला रुचत नाही, पण तो आहे.

सेनगावची आजची हकीकत म्हणाल, तर इंग्रजी सन २००० पासून राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून आलं आहे. तालुक्याच्या गावीही इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरतात. मराठी व्याकरण मात्र चार-सहा गुणांच्या प्रश्नापुरतं उरलं आहे. घरी 'जायलो' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत आधी ते 'जातोय' करायला लावतात, मग 'गोइंग', आणि या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध ते कुणीच सांगत नाही. चूक तीच होते, फक्त ती कुठून आली ते सांगणारं माणूस वर्गात नसतं. माझ्या मते हा धंदा तोट्याचा आहे. दादोबांची पिढी मराठीवरून इंग्रजीकडे आणि इंग्रजीवरून परत मराठीकडे अशी ये-जा करत होती, म्हणून तिला दोन्ही आल्या.

निवृत्तीनंतरही दादोबांची लेखणी थांबली नाही. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी १८६५ मध्ये टीका लिहिली आणि तिला आईवडिलांच्या नावावरून 'यशोदा-पांडुरंगी' असं नाव दिलं. १८७८ साली एमान्युएल स्वीडनबोर्ग या स्वीडिश तत्त्वज्ञाच्या ग्रंथांवरचं त्यांचं चिंतन लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघालं, तेही इंग्रजीत. त्याच वर्षी आत्मारामांच्या घरी कलकत्त्याचा सतरा वर्षांचा एक मुलगा मुक्कामाला आला होता. विलायतेला जायच्या आधी त्याचं बोलण्यातलं इंग्रजी सुधारायचं होतं. बंगालीत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम, त्यामुळे बंगाल्यांची ठेच आणखी निराळी. हे काम दादोबांच्या पुतणीकडे, अन्नपूर्णेकडे आलं. तो मुलगा रवींद्रनाथ ठाकूर.

दादोबांनी १८८१ साली, सदुसष्टाव्या वर्षी, पुन्हा आपलं जुनं पुस्तक पुढ्यात घेतलं आणि त्यात राहून गेलेल्या गोष्टींसाठी 'मोठ्या व्याकरणाची पूरणिका' काढली. १७ ऑक्टोबर १८८२ ला ते गेले. त्यांचं आत्मचरित्र अपुरंच राहिलं होतं, ते अ. का. प्रियोळकरांनी १९४७ मध्ये संपादून छापलं.